घोळीच्या कानातला खडा

पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे काढणारे हात पुष्कळ होते, पण मैनाने काढलेले डोळे लांबूनही ओळखू यायचे. तिचा नवरा धनेश मूर्तींचा टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "दुसऱ्यांचे गनपती आपल्याकडं बगतात. मैनाचा आपल्या मागं कायतरी हाय, तिकडं बगतो."

डोळे काढायच्या या कामाला तिकडे आखणी म्हणतात. दोन-चार केसांचा कुंचला, रोखलेला श्वास आणि एका ओढीत पापणीची रेघ. ती रेघ ओढताना मैना जागेवर बसलेली दिसायची खरी, पण तिथे नसायची. हाक मारली तरी ओ मिळायची नाही. तंद्री ही तिची लहानपणापासूनची. एकदा पेणहून घरी परतताना ती भलत्याच बसमध्ये चढली आणि खिडकीतून भातखाचरांतले बगळे बघत बसली. गडब गावाला कंडक्टरने "कुठं जायचं, बाई?" म्हणून खांदा हलवला तेव्हा तिला कळलं की आपलं गाव केव्हाच पाठीमागे पडलं आहे. जोह्यात ती गोष्ट अजून सांगतात. मैनाही हसते. तिला मात्र त्या दिवसाचे बगळे आठवतात.

एका आषाढात ऋतुजा नावाची एक तरुण बाई घरच्यासाठी छोटी मूर्ती घ्यायला कारखान्यात आली. खाडीचं पाणी आणि त्यातले मासे यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचं रोह्याला लहानसं केंद्र होतं, तिथे ती शास्त्रज्ञ होती. मूर्ती पसंत करायची सोडून ती मैनाच्या हाताकडे बघत उभी राहिली.

"तुम्ही श्वास केव्हा घेता?" तिने विचारलं.

"रेग संपली की," मैना म्हणाली, आणि पुढच्या मूर्तीकडे वळली.

गणपती गेले, कारखान्यात हाताला काम कमी झालं, आणि ऋतुजा पुन्हा आली. माशाच्या कानात बारीक खडे असतात, ते कापायचे, घासायचे आणि त्यावरच्या रेघा मोजायच्या, असं काम होतं. हात स्थिर हवा आणि तासन्‌तास एका जागी बसता यायला हवं.

"मासळीची डोकी फोडायला रोह्यापर्यंत जायाचं?" धनेश रात्री जेवताना म्हणाला. "ती तू घरीबी फोडतस."

"घरी आतमंदी बगत नाय ना मी," मैना म्हणाली. तेवढ्यावरच ते ठरलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या होत्या. एका खिडकीतून कुंडलिका दिसायची, सकाळी तिच्यावर धुक्याची साय धरलेली असायची. तिथे तौहीद काम करायचा. तो रोह्याचाच. भाऊबंदांसारखा तोही कतारला गेला होता, पण वर्षभरात परत आला. का परत आलास विचारलं की सांगायचा, "तिथं मला रोज नदीचं सपान पडायचं. उठल्यावर तोंडाला पाण्याची चव असायची. म्हटलं, पाण्याजवळच जाऊन झोपू." मैनाला हे कारण पटलं. बाकी सगळे त्याला येडा म्हणायचे.

तौहीदने तिला ढोम्याचं, म्हणजे खाडीतल्या एका माशाचं, डोकं कुठून उघडायचं ते शिकवलं. चिमट्याच्या टोकावर खडा आला. वालाच्या दाण्यासारखा पांढरा, एका बाजूने खळगा पडलेला. तो पारदर्शक लुकणात बसवायचा, चकतीच्या करवतीने मधोमध कापायचा, आणि ती पापुद्र्यासारखी चकती काचेवर चिकटवून मऊ कागदावर घासत राहायची. जास्त घासली तर गाभा निघून जातो. कमी घासली तर उजेड आरपार जात नाही. ते दोन्हींच्या मधलं मैनाच्या बोटांना लवकर कळायला लागलं.

पहिली चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिने डोळा लावला.

आत मधाच्या रंगाचा उजेड होता. मध्यावर एक ठिपका, आणि त्याच्याभोवती एकात एक वेढे. फिकट, रुंद पट्टा, मग गडद बारीक रेघ, पुन्हा फिकट पट्टा. तळ्यात कुणीतरी हलकेच बोट बुडवावं आणि उमटलेले तरंग तिथेच थांबावेत, तसं ते होतं.

"मासा वाढतो तसा खडाही वाढतो," ऋतुजा शेजारी उभी राहून सांगत होती. "थरावर थर चढत जातात. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी येतं, माशाची वाढ मंदावते, तेव्हा ही गडद रेघ पडते. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एक वर्ष. अंतर रुंद, तर साल चांगलं गेलं. अरुंद, तर काहीतरी बिनसलं. पाणी तापलं, खारटपणा बदलला, खायला मिळालं नाही. पाण्याची मोजणी आपण दर आठवड्याला करतोच. पाणी बदलतंय तसे मासे कसे बदलताहेत, ते आपल्याला या खड्यांतून बघायचंय."

मैनाला एवढंच ऐकू आलं की प्रत्येक मासा आपले पावसाळे कानात साठवून पोहत असतो.

त्यानंतरचे दिवस तिला नंतर आठवायचे ते पाण्याखालच्या दिवसांसारखे. पेणहून एसटी निघायची, वडखळ, गडब, नागोठणे मागे जायचं, आणि खिडकीवर डोकं टेकलेल्या मैनाला वाटायचं की गाडी रस्त्यावरून नाही, भरतीच्या पाण्यातून चालली आहे, आणि दोन्ही बाजूंच्या खारफुटीतून ढोम्यांचे थवे टुकुटुकु बघताहेत. केंद्रात आली की ती खड्यात शिरायची. एखाद्या माशाचं दुसरं साल रुंद असलं की तिला बरं वाटायचं, घरातल्या पोराने अंग धरावं तसं. एखाद्याची कडेची रेघ अर्धवट दिसली की जीव हळहळायचा. धरलाच नसता जाळ्यात, तर एवढं साल तरी पुरं केलं असतं बिचाऱ्याने.

तौहीद आणि मैना, दोघांनी तेच खडे वेगवेगळे मोजायचे असा नियम होता. मासा केवढा, कुठला, केव्हा धरला, हे दोघांनाही सांगायचं नाही. दिवाळीनंतर ऋतुजाने दोघांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि मैनाला बोलावलं.

"मैनाताई, तुमच्या बऱ्याच माशांचं वय एका वर्षाने जास्त येतंय."

तिने एक चकती लावली आणि दोघींनी आळीपाळीने डोळा लावला. कडेला पट्टा होता, पण त्याला बंद करणारी गडद रेघ नव्हती. मैनाने तिथे वर्ष पुरं धरलं होतं.

"इथं रेघ आहे का?"

मैनाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती रेघ तिला दिसली होती. मोजताना अगदी स्पष्ट दिसली होती. आता तिथे काही नव्हतं.

"नाय," ती म्हणाली.

"तुमच्या हाताला पुरं करायची सवय आहे," ऋतुजा सावकाश म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "कारखान्यात ती हवीच. इथं अर्धं असेल तर अर्धंच ठेवायचं. आणि तौहीदभाई काही पास नाहीत हां. त्यांनी पहिल्या वर्षाची आतली रेघ कितीतरी ठिकाणी सोडलीय. दोघांनाही पहिल्यापासून मोजावं लागेल."

तौहीदने कपाळावर हात मारला. मैना मात्र चपला घालून निघाली. घरी येऊन तिने धनेशला सांगितलं, "मी नाय जानार आता."

"का? बोलली तुला?"

"नाय. नसलेली रेग मी बगितली. मला खरंच दिसली ती." तिने चपला काढून कोपऱ्यात सारल्या. "मंग बाकीचं मी काय काय बगितलं असंल, जे नव्हतंच?"

धनेशने टेम्पोची किल्ली खाली ठेवली. तो तिच्याजवळ बसून राहिला. मग म्हणाला, "रस्त्यानं जाताना मला लांबून पानी दिसतं, उन्हात. जवळ गेलो की नसतं. म्हनून मी टेम्पो चालवायचं नाय सोडत."

दोन दिवस मैना घरी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची तीच एसटीकडे निघाली. सगळे खडे तिने पुन्हा हातात घेतले. मोजायला बसली की आधी ती मनातल्या मनात त्या माशाला सांगायची, तुझं जेवढं हाय तेवढंच दे. स्वप्नं पडायची थांबली नाहीत. फक्त ती आता काचेच्या अलीकडे राहायला शिकली.

केंद्राला ताजे ढोमे रोह्याच्या बाजारातून लागायचे, आणि मैनाने ते पुतळी कोळणीकडून घ्यायचे असं ठरून गेलं होतं. पुतळी साठीला आलेली, खाडीकाठच्या गावातून पाटी घेऊन यायची. तिला पहिल्यापासून या गिऱ्हाइकाचं नवल.

"अगो, मासा कापून लोकं डोका टाकतात," ती एकदा म्हणाली, "तू डोक्यासाठी मासा घेतेस. करतेस काय त्याचा?"

मैनाने सांगितलं. पुतळीचा हात पाटीवरच थांबला.

"खड्यावरून वय कलतं? खरा?"

"व्हय. बरंचसं."

पुतळीने ढोमे मोजून दिले. पुढच्या खेपेला तिने कमरेची चंची उघडली आणि आतून एक खडा काढून मैनाच्या तळहातावर ठेवला. चिंचोक्याएवढा मोठा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, हस्तिदंतासारखा पिवळट.

"घोलीचा हाय," पुतळी म्हणाली. "माज्या जनूनं धरलेली."

जनू तिचा नवरा. त्याला जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांची धाकटी पोर पाळण्यात होती त्या साली, पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात गेल्यावर, त्याने ही घोळ आणली. एवढी मोठी की ओट्यावर ठेवल्यावर शेपूट खाली लोंबत होती. गाव बघायला लोटलं. जनू सगळ्यांना सांगत सुटला, ही घोळ आमच्या लग्नाच्या आधीची हाय, आमची वरात हिनं खाडीतून बघितली हाय. पुतळी म्हणाली, एवढं आयुष्य कुठल्या माशाला नसतं, उगा फेकतोस. तिथून जे लागलं ते लागलंच. आयुष्यभर नवरा-बायको त्या घोळीवरून भांडले. लटकंच. जेवताना, जाळं विणताना, पाहुण्यांसमोर. तो म्हणायचा आधीची, ती म्हणायची नंतरची. घोळीचे दोन खडे निघाले होते. एक नणंदेने मुतखड्यावर औषध म्हणून उगाळून संपवला. हा पुतळीने कुणाला दिला नाही.

"सांग मला," ती म्हणाली. "आधीची का नंतरची?"

"कापावा लागंल, पुतळीमावशी. परत जोडता नाय येत."

"ठावा हाय."

ऋतुजाने खडा बघितला आणि तीही घुटमळली. तिने पुतळीला केंद्रात बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं, करवत दाखवली, कापल्यावर काय उरेल ते दाखवलं. मग विचारलं, "नक्की? घरी जाऊन विचार करा हवं तर."

"ईस वर्सा चंचीत ठेवून ईचारच केला ना," पुतळी म्हणाली. "काप गो मैना."

मैनाने कापला. करवतीचा बारीक आवाज खोलीभर पसरला, आणि पुतळी खिडकीतून नदीकडे बघत राहिली. चकती घासायला दुपार गेली. एवढी मोठी चकती मैनाने कधी घासली नव्हती. मधूनमधून ती उजेडात धरायची, आणि दर वेळी आतून थोडा थोडा मध वर यायचा.

मग तिने डोळा लावला.

पुतळीचं लग्न केव्हा झालं, मधे किती पावसाळे गेले, हे तिला आधीच कळून बसलं होतं. ते कळायला नको होतं, पण आता इलाज नव्हता. गाभ्यापासून ती बाहेर निघाली. पहिली रेघ. दुसरी. पट्टे रुंद होते, ढोम्यांच्या खड्यांपुढे तर मोकळ्या पटांगणासारखे. ती एकेक रेघ ओलांडत होती, आणि तिला वाटत होतं आपण घोळीच्या मागोमाग खोल हिरव्या पाण्यातून चाललो आहोत. वरून होडीचा तळ सरकतो आहे, होडीत एक तरणा माणूस वाकून बघतो आहे. कडेला आली तेव्हा जनूला जिंकायला दोन रेघा कमी पडत होत्या.

दोनच. कडेजवळ एक पुसट सावली होती. मधल्या एका पट्ट्यात आणखी एक. एवढ्याशा सावलीला रेघ म्हणायला कितीसं लागतं? मेलेल्या माणसाला त्या दोन रेघा द्याव्यात असं तिला आतून वाटलं. पलीकडे बसलेली बाईसुद्धा तेच ऐकायला आली असेल. मैनाने डोळा काढला, पाणी पिऊन आली, आणि पहिल्यापासून मोजलं. सावल्या सावल्याच राहिल्या.

तौहीदला काहीच सांगितलं नव्हतं. तो आला, त्याने मोजलं, आणि कागदावर आकडा लिहिला. तोच होता.

मैना पुतळीच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, नंतरची हाय. तुमचं लगीन झाल्यावर दुसऱ्या पावसाळ्याच्या सुमाराला जन्मली असंल. एखाद्या सालाचं इकडं तिकडं होतं, पन आधीची नाय."

पुतळी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. मोकळं, बाजारात हसतात तसं. "मी बोल्लेली ना! बोल्लेली ना त्याला! जल्मभर माजा ऐकला नाय मेल्यानं!" तिने मांडीवर थाप मारली. तौहीदही हसला, ऋतुजा हसली.

मग पुतळीचं हसू सावकाश उतरलं.

"जिकले गो मी," ती म्हणाली. "आता सांगू कुनाला?"

मैनाने तिचा हात हातात घेतला. तो थंड होता, मासळीचा वास असलेला, आणि त्या हाताची पकड घट्ट होती. खिडकीबाहेर कुंडलिकेला भरती लागली होती. पाणी उलटं, डोंगराकडे चाललं होतं.

थोड्या वेळाने पुतळी डोळे पुसून उठली आणि तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कसा लावायचा ते तौहीदने दाखवलं. बराच वेळ ती बघत राहिली.

"नागोठण्याला मोठा पूर आलेला, त्या सालची रेग कुठची?" तिने विचारलं. "त्या पुरात जनू आठ दिवस घरी नव्हता. लोकांना होडीनं काढीत होता."

मैनाने हिशेब करून त्या सालाची रेघ दाखवली. ती बाकीच्यांपेक्षा जाड, काळसर होती. "पन ती पुरानंच पडली असं मला नाय सांगता यायचं, मावशी. दुसरंबी कारन असंल."

"नको सांगूस. मला दिसतेय ती बस झाली," पुतळी म्हणाली, आणि डोळा काढलाच नाही.

ऋतुजा त्या संध्याकाळी त्याच चकतीशी बसून राहिली. पट्ट्यांच्या रुंदीवरून तिची नजर हटत नव्हती. एका खड्यावरून काही म्हणता येत नाही, आणि ढोम्याशी घोळ ताडून बघता येत नाही, हे तिने दोनदा बोलून दाखवलं. पण जुन्या घोळींचे, जुन्या ढोम्यांचे असे खडे आणखी मिळाले, आणि कुठल्या सालचे ते लोकांना आठवत असलं, तर कुणी मोजमाप ठेवायच्या आधीच्या पाण्याचंही काही कळू शकेल.

"असे खडे ठेवतं कोण?" तौहीद म्हणाला.

"बाया ठेवतात," दारातून पुतळी म्हणाली. ती अजून गेली नव्हती. "तुमी ईचारलाव कधी?"

तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस मैना आणि पुतळी खाडीकाठची गावं फिरतात. कुठे एसटीने, कुठे सहा आसनी रिक्षाने, कुठे तरीने पलीकडे. आषाढ-श्रावणात मैना जोह्याला आखणीवर असते, तेव्हा हे काम थांबतं. अभ्यास अजून चालू आहे. ऋतुजा आता एवढंच म्हणते की अलीकडचे ढोमे पहिल्या वर्षी भराभर वाढतात आणि मग लवकर थांबतात, आणि ज्या सालांत खाडीचं पाणी जास्त तापलं त्या सालांचे पट्टे अरुंद दिसतात. जुन्या खड्यांची संख्या अजून थोडी आहे. ती वाढते आहे, सावकाश. कुणी उगाळून संपवले, कुणी देव्हाऱ्यात ठेवले आहेत आणि देत नाहीत. न देणाऱ्यांच्या घरीही त्या दोघी चहा पिऊन येतात. ऋतुजाने घोळीच्या खड्याचा उरलेला भाग पुतळीला परत दिला. ती आता त्याची कापलेली बाजू लोकांना दाखवते, चकचकीत, कडेला वेढे असलेली, आणि म्हणते, बघा, माजा नवरा हरला तो ह्याच्यात.

मागच्या फाल्गुनात रेवदंड्याच्या बाजूला एका वाडीत गोदूबाई नावाच्या फार म्हाताऱ्या बाईने पदराची गाठ सोडली आणि एक खडा हातावर घेतला. बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांवर ऊन पडलं होतं, आणि घरात समुद्राचा लांबचा आवाज येत होता.

"कापनार काय गो तुमी?" गोदूबाईने विचारलं.

पुतळीने मैनाकडे बघितलं. मैना जमिनीवर तिच्यासमोर बसली, हात मांडीवर ठेवले, खड्याला बोटही न लावता.

"ते मागनं बगू, आजी," ती म्हणाली. "आदी सांगा, हा मासा धरला कुनी?"